फोनवर सांगितलेलं वजन

मी आयुष्यभर सरकारी नर्स होते. कुरुंद्याच्या आसपासची किती लेकरं मी काट्याच्या झोळीत टांगली, त्याला मोजदाद नाही. एखादी बाई काट्याआधीच लेकराचं वजन फुगवून सांगायला लागली, की मी तिला चारचौघांत झापायची. "काट्याला बोलू दे ना, तू काहून बोलून राहिलीस?" माझं तोंड तसं फटकळच.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली, लेक पुण्यात. एकटीसाठी तवा तापवायचा मला कंटाळा येतो. सकाळची अर्धी भाकर आणि ठेचा, की उरकलं. फोनवर मात्र लेकीला रोज नवी भाजी सांगायची. वांगं, मेथी, अंबाडी. एकदा तर पुरणपोळीही खाऊन झाली.

साखरेमुळे पायांची आग व्हायची, म्हणून लेकीने तिकडच्या डॉक्टरांशी फोन जोडून दिला. रक्ताचा रिपोर्ट त्यांच्यासमोर होता. त्यांनी वय विचारलं, मग वजन. का विचारतात ते मला पक्कं ठाऊक होतं. पायांच्या आगीवर ते देणार होते ती गोळी किडनीवाटे बाहेर पडते. किडनी किती काम करते याचा अंदाज रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा, वय आणि वजन धरून काढतात, आणि डोस त्यावर ठरतो. पण लेकही लाईनवर होती. मी म्हटलं, "अठ्ठावन्न." ते नवरा होता तेव्हाचं वजन.

गोळी सुरू झाली आणि आठ दिवसांत चक्कर येऊन मी भिंत धरून चालायला लागले. एका दुपारी न्हाणीत पडले. हाड शाबूत राहिलं, नशीब. हाक मारायला तोंड उघडलं, मग आठवलं की घरात कोणी नाही. बराच वेळ ओल्या फरशीवर तशीच पडून राहिले.

वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी आधी काट्यावर उभं केलं. बेचाळीस.

"सिस्टर, पुण्याच्या कागदावर तर अठ्ठावन्न हाय. त्यानं किडनीचं काम चांगलं दिसलं, म्हणून डोस जास्त पडला. तुमाला तर हे माहीत असंल."

त्यांनी डोस निम्म्यावर आणला आणि पुण्याला खरं वजन कळवा म्हणाल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, आज काय केलंस?"

"काई न्हाई केलं. माझं वजन बेचाळीस हाय. मी तुला खोटं सांगत व्हते, रोजच."

"काहून गं आई?"

"एकटीला जेवण जात न्हाई."

ती हुंदके देऊन रडायला लागली. आईनं म्हणायला हवं होतं, रडू नको, मी बरी आहे. मी म्हटलं नाही. तीन वर्षांत माझ्यासाठी कोणी रडलं नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण फोन कानाशी घट्ट धरून मी तिचं रडणं ऐकत राहिले, आणि मला बरं वाटत होतं.