नानांचं परत आलेलं मराठी

इंगेआजीचा फोन आला की हातातलं काम टाकून तो उचलायचा, ही गेल्या दोन वर्षांची सवय. त्या दिवशी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते आणि फोन बॅगेत, आवाज बंद केलेला. बाहेर येऊन पाहिलं तर तिचे मिस्ड कॉल एकाखाली एक. मी तिथूनच परत फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "वसंत गेला. शेवटी खूप बोलत होता गं... तुला लावत होते मी." मला लगेच रडू आलं नाही. डोक्यात एकच घुमायला लागलं, की ते काय बोलत होते? काही मागत होते का? ते मराठी समजू शकणारं तिच्या ओळखीत एकच माणूस होतं, आणि ते फ्रँकफर्टला मीटिंगमध्ये बसलेलं होतं.

वसंत म्हणजे आमचे नाना, माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. कोल्हापुरातल्या एका वर्कशॉपात लेथवर हात बसलेला हा तरुण साठच्या दशकात जर्मनीला आला आणि राहिला कुठे, तर पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधल्या कुंपणाला पश्चिमेच्या बाजूने खेटून असलेल्या खेड्यात. गावातला रस्ता शेवटच्या घरापाशी संपायचा. पुढे तारा, त्यापुढे सुरुंग. शहाणी माणसं ज्या गावातून बाडबिस्तरा गुंडाळून निघत होती, तिथे आमचे नाना बाडबिस्तरा घेऊन पोचले. कारखान्याला माणसं मिळत नव्हती आणि कामाबरोबर खोली मिळत होती, इतकं साधं कारण.

पहिल्याच हिवाळ्यात एक प्रसंग घडला. संध्याकाळी कुंपणाच्या बाजूने फिरताना नाना मोठमोठ्याने मराठीत बोलत चालले होते. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून कधी आईशी, कधी भावाशी, असं आपलं आपणच. अलीकडच्या सीमा पोलिसांनी त्यांना धरलं. सावळा परका माणूस, कधी न ऐकलेली भाषा आणि तोंड पलीकडे! हा कोणाला काय कळवतोय? चौकशी लांबत गेली, गावात कुजबुज सुरू झाली. शेवटी बेकरीतली इंगे स्वतः चौकीवर गेली आणि म्हणाली, "हा रोज माझ्याकडून पाव नेतो. हा आमचा आहे." सुटका झाली, यथावकाश लग्नही झालं. पण नानांनी मराठी जे गिळलं ते गिळलंच. आधी रस्त्यावर, मग घरातही.

मी २०१२ साली फ्रँकफर्टला नोकरीला आले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा भेटले. मी मराठीत विचारायचे, ते जर्मनमध्ये उत्तर द्यायचे. आता माझी मुलगी ओवी नेमकं हेच करते. एकदा मी चिडवलं, "नाना, आजीला दोन शब्द तरी शिकवायचे होते की!" ते हसले नाहीत. "तिची थोरली बहीण कुंपणापलीकडच्या गावात होती. इथे आपल्यावर संशय आला असता, तर तिकडे तिला भोगावं लागलं असतं."

पलीकडच्या शेतात माणसं दिसायची, पण हात हलवायचा नाही, असा गावाचा अलिखित नियम होता. इकडून कोणी हात केला की तिकडच्याची चौकशी व्हायची. म्हणून बहिणीच्या वाढदिवसाला इंगेआजी, ऊन असो की पाऊस, लाल छत्री उघडून शेताच्या टोकाला उभी राहायची आणि शेजारी नाना, हात खिशात घालून. बहिणीने ती पाहिली की नाही, हे कळायची सोय नव्हती. पुढे कुंपण पडलं, बहिणी भेटल्या, सुरुंगांच्या जागी गवत आलं. नानांच्या तोंडी मराठी मात्र आलं नाही.

ते आलं, ते विस्मरणाचा आजार जडल्यावर. आणि येताना जर्मनला बाहेर काढून आलं. एके सकाळी आजीचा घाबराघुबरा फोन आला, "तो बोलतोय, पण माझ्याशी नाही बोलत." तेव्हापासून फोन म्हणजे मी, असं झालं. आजी स्पीकर लावायची आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून सांगायचे, पाय दुखतायत, चहात साखर नाही, गाईला वैरण घातली का विचारतायत. एस-बान लोकलमध्ये बोगदा आला की माझी धाकधूक सुरू, नेमका आत्ताच फोन आला तर? पन्नास वर्षांचा संसार केलेली बाई आणि नवऱ्याला पाणी हवंय हे तिला कळायला मी लागावं, याचा मला राग यायचा. कोणावर, ते सांगता यायचं नाही.

एकदा नाना आजीशी फार अदबीने बोलले. "बाई, तुमचं लई उपकार झालं. आता मला घरी सोडा. माझी बायको वाट बघत आसंल."

आजी विचारत राहिली, "काय म्हणाला?"

मी नानांना विचारलं, "नाना, बायकोचं नाव काय?"

"इंगे. दुसरं काय आसणार?"

मी जसंच्या तसं सांगितलं. मग आजी म्हणाली, "त्याला सांग, ती निघालीये. पोचेलच." मी सांगितलं. नाना म्हणाले, "मग ठीक हाय." त्या दिवशी मी काम टाकून घरी आले आणि ओवीला जवळ घेऊन बसले. मला भीती वाटत होती, अजूनही वाटते. माझंही जर्मन असंच एक दिवस निघून गेलं, तर ही माझ्याशी कशी बोलेल?

अंत्यविधीनंतर काही दिवसांनी मी आजीकडे गेले, तेव्हा धीर करून विचारलं, "शेवटी ते काय म्हणत होते, काही अंदाज?"

"नाही," ती म्हणाली. "तू फोन उचलेनास, तेव्हा मी फार घाबरले. पाणी दिलं, नको. खिडकी उघडली, तेही नको. मग खुर्ची ओढून बसले. तो बोलायचा. थांबला की मी बोलायची. बागेत काय लावलंय, शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन... तो ऐकून घ्यायचा, मग पुन्हा त्याची पाळी. तो भांडत नव्हता, एवढं कळतं मला." माझ्या जिवाला लागलेली टोचणी तिने न मागता काढून टाकली, तरी ते शब्द गेले ते गेलेच, ही हळहळ आहे.

आता तिचा फोन रविवारी दुपारी येतो. पहिल्या रविवारी मी सवयीने जर्मनमध्ये तब्येतीची चौकशी सुरू केली. तिने मध्येच थांबवलं.

"आल्झो, हे बघ, जर्मन बोलायला इथे सगळं गाव आहे. तू ते बोल. त्याचं."

"काय बोलू आजी? तुला कळणार नाही."

"अर्थ सांगूच नकोस. नुसती बोलत राहा. घर फार गप्प झालंय."

मग मी तिला मराठीत सांगायला लागले, की आज तुर्की दुकानात कोवळी भेंडी मिळाली, ओवीला सर्दी झालीये, दोन दिवसांचे कपडे वाळायचे राहिलेत. मी श्वास घ्यायला थांबले की ती पलीकडून जर्मनमध्ये 'अगदी बरोबर' म्हणत होती, "गेनाऊ... गेनाऊ."