पेट्रोल कोण पितं

झरीच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मी घोलवडला, नवऱ्याच्या घरी राहत होते. बसचा भरवसा नसायचा आणि शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलायची नाही. म्हणून मी डहाणूच्या एका गॅरेजवाल्याकडून वापरलेली छोटी पेट्रोल गाडी घेतली. पैसे माझ्या पगाराचे, गाडी नवऱ्याच्या नावावर. पेट्रोल मात्र तोच भरणार असं त्याने ठरवलं. रविवारी पंपावर जायचा, टाकी फुल्ल करायचा, मीटर बघायचा आणि घरी येऊन ॲव्हरेज सांगायचा. दुसऱ्याच्या घरी पोरांचे मार्क सांगतात, तसं.

शाळेच्या अलीकडच्या पाड्यावर आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणारी मावशी राहायची. भाजीचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती चालत यायची. मी तिला गाडीत घ्यायला लागले. मागच्या सीटवर ती अंग चोरून बसायची, पायाची माती खालच्या मॅटला लागू नये म्हणून पाय उचलून धरायची. मी किती वेळा सांगितलं, "मावशी, खाली ठेवा पाय." ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे बाई, साहेब बगतील."

पावसाळा सरता सरता गाडीचं ॲव्हरेज पडलं. आधी थोडं, मग बरंच.

"गाडी पेट्रोल पिते, की दुसरं कोण पितं?" नवऱ्याने विचारलं.

पहिला संशय माझ्यावर. एका रविवारी तो माझ्या शेजारी बसला आणि मला तलासरीपर्यंत गाडी चालवायला लावली. त्याच्या हातात घराच्या चाव्यांचा जुडगा होता. माझा गियर जरा उशिरा पडला की तो जुडगा माझ्या बोटांच्या सांध्यांवर हाणायचा. जोरात नाही. शाळेत पूर्वी पट्टीने मारत तसा, शांतपणे. येताना त्याने स्वतः चालवली. तरी काटा खालीच गेला. तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे चालवण्यात खोट नाही. कुणीतरी काढतंय."

समोरच्या काट्यांजवळ इंजिनच्या चित्राचा एक पिवळा दिवा कधीपासून लागून राहिला होता. मी त्याला दाखवला. "जुन्या गाड्यांना लागतातच हे दिवे," म्हणून त्याने त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकला. गाडीच्या मागे उभं राहिलं की पेट्रोलचा उग्र वास यायचा, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरली होती. तो वास माझ्या साडीलाही लागायचा. एका संध्याकाळी त्याने माझा पदर हातात घेतला, नाकाशी नेला आणि त्याच्या आईसमोर मला विचारलं, "टाकीत पाईप टाकताना तूच धरतेस का ग?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी तो गाडीत स्टिअरिंगवर येऊन बसला. "आज मी येतो शाळेत." पाड्याजवळ मावशी नेहमीसारखी उभी होती. ती मागे बसल्यावर त्याने गाडी सुरू केलीच नाही.

"तुझा नवरा बाईक चालवतो ना?"

"चालवतं साहेब. जुनी हाय."

"पेट्रोल कुठून भरतो?"

"तलासरीच्या पंपावरून."

"चल, बघू."

त्याने गाडी रस्त्यावरून उतरवून सरळ तिच्या अंगणापर्यंत नेली. तिचा नवरा घोलवडच्या एका वाडीत चिकू उतरवायच्या कामाला होता. कामावर निघायच्या तयारीत तो ओटीवर बसून टोपलीचा काठ बांधत होता. बाईक भिंतीला टेकून उभी होती. पलीकडे धुवून घातलेली नागली वाळत होती, अंगणभर. माझ्या नवऱ्याने कुणाला काही विचारलं नाही. बाईकची पेट्रोलची नळी उपटली आणि टाकीतलं सगळं खाली सोडून दिलं. अंगणाला उतार होता. पेट्रोल नागलीत गेलं.

"हे काय करता?" मी त्याचा हात धरला. त्याने माझं मनगट असं पिरगाळलं की मी वाकले. पाड्यातली माणसं जमली होती. त्यांच्याकडे बघत तो मोठ्याने म्हणाला, "बाईसाहेबांच्या गाडीतून काढलेलं आहे. माझं मी ओतलं. कुणाला काही म्हणायचंय?"

मावशीचा नवरा उठून उभा राहिला होता. तो एवढंच म्हणाला, "आमी चोर नाय, साहेब."

"सगळे तेच म्हणतात."

मग मला म्हणाला, "गाडीत बस." मी बसले नाही. मावशी खाली बसून कोरडी नागली ओल्या नागलीपासून हाताने वेगळी करत होती, मीही तिच्याजवळ बसले. वेगळी होण्यासारखी ती नव्हतीच. सगळ्याच दाण्यांना वास लागला होता. तो गाडी वळवून निघून गेला. मी चालत शाळेत गेले. माझ्यामागून जरा वेळाने मावशी आली आणि तिने भात चढवला.

नवऱ्याने त्याच दिवशी त्या वाडीच्या मालकाला फोन केला. दोघांचं उठणं-बसणं होतं. दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या नवऱ्याला कामावर बोलावणं बंद झालं. माझीही गाडी बंद झाली. किल्ली नवऱ्याच्या खिशात गेली आणि मी पुन्हा रिक्षाच्या रांगेत उभी राहू लागले.

नंतर एकदा घरी त्याचे चुलतभाऊ जेवायला आले होते. गाडीचा विषय निघाला. नवरा म्हणाला, "काही नाही, गळता नळ होता. बंद केला. आता बघ, ॲव्हरेज पुन्हा पहिल्यासारखं." सगळे हसले. एक जण मला म्हणाला, "वहिनी, तुमच्या मैत्रिणीने तुम्हालाच चुना लावला की." मी ताटं उचलली आणि आत गेले. ॲव्हरेज सुधारलं होतं, एवढं मलाही दिसत होतं. एका क्षणापुरतं माझ्याही मनात आलं, खरंच काढत असतील का? त्या घरात राहून माणसाला असंच विचार करायची सवय लागते.

थोड्या दिवसांनी डहाणूच्या बाजारात तो गॅरेजवाला भेटला, ज्याच्याकडून गाडी घेतली होती. वापीकडचा माणूस, मराठी गुजराती वळणाची.

"केम बेन, सेन्सर बरोबर चालतोय ने?"

"कसला सेन्सर?"

"ऑक्सिजन सेन्सर. साहेबांनी सांगितला नाय? पीयूसीवाल्याने गाडी नापास केली होती, धुरात गडबड होती. साहेब माझ्याकडे घेऊन आले. मी मशीन लावून बघितला तर सेन्सर गेलेला. एक्झॉस्टच्या पाईपवर असतो तो, इंजिनला सांगतो पेट्रोल कमी कर, जास्त कर. तो खराब झाला तर इंजिन पेट्रोल ओततच राहतो. वापीहून नवा मागवला. जुना तर गंजून असा बसलेला, निघत नव्हता. काढून साहेबांना दाखवला, काळा कोळसा. बोललो, साहेब, हाच तुमचा चोर."

"कधीची गोष्ट?"

त्याने सांगितलं. ते जेवण व्हायच्या आधीची.

घरी आले तेव्हा नवरा बशीत चिकू कापून खात होता. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"सेन्सर."

तो बी थुंकला. "होतं. मग?"

"तिच्या पाड्यावर जाऊन सांगा. वाडीवाल्यालाही सांगा."

"काय सांगू? गाडीचा पार्ट गेला होता म्हणून माफ करा?" तो खरंच हसला. "अग, आज काढलं नाही, उद्या काढलं असतं. या लोकांना एकदा धाक बसलेला बरा असतो. तुलाही बसला, ते एक बरं झालं."

मी वाडीवाल्याकडे गेले. त्याने मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. "खरं असेल तुमचं," तो म्हणाला. "पण एकदा नाव झालं की बाकीचे मजूर कुजबुजतात. आणि मी दुसरा माणूस ठेवलाय."

मग पाड्यावर गेले. शेजारच्या घरांतल्या लोकांना मीच हाका मारून बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चोरी झालीच नव्हती, गाडीत बिघाड होता, आणि माझ्या नवऱ्याला ते कळल्यावरही तो गप्प राहिला. लोकांनी ऐकलं. एका म्हाताऱ्याने मान हलवली. कुणी रागावलं असतं तर मला सोपं गेलं असतं. थोड्या वेळाने सगळे आपापल्या कामाला गेले.

मावशीचा नवरा तिथे नव्हता. तो धाकट्या डहाणूला एका बोटीवर खलाशी म्हणून गेला होता.

"त्याला समुद्र सोसत नाय," मावशी म्हणाली. "उलट्या होतात. बाकीचे हसतात त्याला. तरी जातं."

मी काही तरी बोलायला लागले. तिने हंडा उचलला.

"तुमची गाडी बरी झाली, चांगलं झालं. आता जावा मॅडम, मला पाणी भरायचंय."

तोपर्यंत ती मला नेहमी बाई म्हणायची.

त्या वर्षी परीक्षा संपल्यावर मी तलासरीला खोली घेतली आणि माझं सामान हलवलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "एका खिचडीवालीसाठी?" नवरा नातेवाइकांना सांगतो, किल्ली काढून घेतली म्हणून रुसून गेली, येईल परत. गाडी तोच चालवतो. ॲव्हरेज उत्तम आहे, असं ऐकते.

मावशी अजून शाळेत आहे. दुपारी मुलांचं झालं की ती माझ्या टेबलावर माझं ताट आणून ठेवते. वर झाकण असतं, भात गरम असतो. ठेवते आणि लगेच वळते. मी थांबवायला जाते, तोवर ती दारातून बाहेर गेलेली असते.