एवढंच औषध?

“एवढंच?” असं मावशी म्हणायच्या तेव्हा अंगठा तर्जनीच्या टोकाला टेकवून हात वर धरायच्या. ताटातला भात, लग्नातलं जेवण, कुणाच्या घरची प्रार्थना, काहीही असो, त्यांना ते कमीच पडायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मायाही ती भांडूनच करतात.

किर्यात गात या हिब्रू बोलणाऱ्या गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या वरच्या मजल्यावर राहायच्या. अलिबागकडच्या खेड्यातून मुंबई, मुंबईहून इथं. फॅक्टरीतून रिटायर झाल्या आणि त्यांनी बिल्डिंगमधल्या समस्त पोरांचा ताबा घेतला. मी शिफ्टला गेले की माझी मुलगी त्यांच्याकडे असायची. त्या मराठीत रागवायच्या, ती हिब्रूत उलट बोलायची, आणि भांडण अगदी सुरळीत चालायचं.

मुलगी बालवाडीत असताना तिला लघवीला जळजळ व्हायला लागली. रडायची, धरून ठेवायची. मावशींनी आणि मी तिला दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण नवीन आली होती. तिनं लघवी तपासली, पोट-पाठ दाबून पाहिली.

“ताप नाही, पाठ दुखत नाही. जंतू खाली मूत्राशयातच आहेत, किडनीपर्यंत गेलेले नाहीत. तीन दिवस अँटिबायोटिक द्या. अशा मुलांना हल्ली तेवढं पुरतं. ताप आला तर मात्र लगेच या,” ती हिब्रूत म्हणाली.

मावशींचा हात वर गेला. “एवढंच? मुंबईला साध्या खोकल्याला दहा दिवस द्यायचे. पोरगी काय उपासाला बसलीय?”

मी यातलं काहीच हिब्रूत सांगितलं नाही.

मावशींनी घरी येताच आम्हा मराठी ज्यूंच्या एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याला मलिद्याचा, म्हणजे गोड पोह्यांच्या नैवेद्याचा, नवस केला आणि आमच्या संडासाच्या दाराशी खुर्ची टाकली.

“बाय, जळतं काय गो?”

“लो!” आतून उत्तर यायचं. नाही.

“थोडंसं तरी?”

“सावता, दाय!” आजी, पुरे. ‘दाय’ हा शब्द त्या घरात मावशींशिवाय सगळ्यांना येत होता.

औषध संपलं त्या संध्याकाळी मुलगी सोफ्यावर उड्या मारत होती. तेवढ्यात मावशी एक अर्धी बाटली घेऊन उतरल्या. नातवाचं उरलेलं औषध, त्यांच्या फ्रिजच्या दारातलं.

“आणखी आठवडाभर देऊ. ती डॉक्टरीण पोर आहे.”

“मावशी, हे कानाचं औषध आहे!”

“त्याला काय कळतंय, कान कुठला नि मूत कुठलं?”

मी हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या खुर्चीत बसल्या.

“माझा थोरला गावाला आजारी पडला होता,” त्या म्हणाल्या. “औषध संपलं, ताप नाय संपला. आणखी आणायला माणूस गेला, तो येईस्तोवर…”

त्यांना असा एक मुलगा होता हेच मला माहीत नव्हतं. पोरीला ते औषध द्यायचं नव्हतं, आणि मावशींच्या हातून बाटली हिसकावूनही घ्यायची नव्हती. “डॉक्टरला विचारू,” एवढंच म्हणाले.

सकाळी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो, मी सगळं सांगितलं. डॉक्टरीण हसली नाही. “मुलगी बरी आहे, गरज नाही. पण सावतासाठी लघवी पुन्हा तपासू,” म्हणाली. मग तिनं मावशींसमोर तळहात पसरला आणि मावशींनी मुकाट्यानं बाटली त्यावर ठेवली. ती तिथंच कचऱ्यात गेली.

काही दिवसांनी रिपोर्ट आला. स्वच्छ.

“एकदाच तपासलं? एवढंच?” मावशी म्हणाल्या. पण या वेळी हात वर गेला नाही, तो पदर धरून डोळ्यांपाशी होता.

मलिद्याला डॉक्टरीण आली. मावशींनी तिच्या ताटात गोड पोह्यांचा डोंगर केला, वर केळं, खजूर. ती “दाय, दाय” म्हणून हात जोडायला लागली.

“औषध कमी दिलंस ते चाललं,” मावशी म्हणाल्या. “खाणं कमी चालायचं नाय.” मी हिब्रूत सांगितलं. तिनं सगळं संपवलं. त्यानंतर मलिदा कुणाकडेही असो, मावशी तिला बोलावून घ्यायच्या.

मावशी गेल्या त्याला वर्ष झालं तेव्हा त्यांच्या घरी प्रार्थना ठेवली होती. मलिदा मी केला. डॉक्टरीण आली, तिला ताट दिलं. तिनं ताटाकडे पाहिलं, अंगठा तर्जनीला टेकवून हात वर धरला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, “एवढंच?”

सगळे खो खो हसले. मीही हसले, आणखी पोहे आणते म्हणून आत गेले, आणि बराच वेळ बाहेर येऊ शकले नाही.