शाडूची पिशवी

चंद्रावतीला लहानपणापासून एक खोड होती. बंद वस्तू दिसली की आत काय आहे ते पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. वडिलांचं गजराचं घड्याळ तिने उघडलं ते पुन्हा कधी वाजलं नाही, आणि शेजारच्यांच्या खुडुक कोंबडीखालचं अंडं फोडून पिल्लू कुठवर आलंय ते पाहिलं म्हणून तिने मारही खाल्ला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची चाळिशी उलटली, मुलगी सासरी गेली, दोन नाती झाल्या, तरी खोड होती तिथेच होती.

पेणला दिनानाथच्या गणपतीच्या कारखान्यात तिला मिळालेलं कामही या खोडीला साजेसंच होतं. साच्यातून निघालेली शाडूची मूर्ती आतून पोकळ असते. खालच्या भोकातून हात घालून आतले सांधे ओल्या बोटांनी लिंपून घ्यायचे, हे चंद्रावतीकडे होतं. लोक गणपती बाहेरून बघतात, ही आतून ओळखायची. नवरा कमळाकर नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जाई. आमच्या हिने देवाच्या पोटातही हात घातला, असं तो येईल त्या पाहुण्याला सांगत असे.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. तिची मुलगी जयवंती रोह्याजवळ निडीला दिलेली होती. पाठोपाठ दोन मुली झाल्या आणि दुसऱ्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं की रोह्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता तीन वर्षं तरी दिवस राहता कामा नयेत, राहिले तर जिवाची खात्री नाही. गोळ्यांनी जयवंतीला ओकाऱ्या होत. निरोधचं नाव काढलं की जावई महिपती म्हशीला पाणी दाखवायला उठून जाई. त्या म्हशीने तेवढ्या दिवसांत जन्माचं पाणी पिऊन घेतलं असेल. ऑपरेशन नको होतं, कारण जयवंतीला पुढेमागे आणखी एक मूल हवं होतं. राहता राहिली तांबी, आणि तांबीला सासू काशीबाईने ठाम नकार दिला.

काशीबाई दुष्ट मुळीच नव्हती. बाळंतपणात सुनेच्या उशाशी बसून तिनेच चमच्याचमच्याने पेज पाजली होती. पण तांबी पोटात चढत चढत वर जाते आणि काळजात रुतते, हे नागोठण्यापासून रोह्यापर्यंतच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, तसं तिलाही होतं. अशी मेलेली बाई कोणी पाहिली नव्हती. ती कायम पलीकडच्या गावची असायची. शेवटी काशीबाईने आपल्या अकलेप्रमाणे वाट काढली आणि सुनेला पोरींसकट माहेरी धाडलं. नवऱ्यापासून लांब राहील तर जगेल, एवढाच त्यामागे हिशेब.

महिन्यामागून महिने गेले. महिपती अधूनमधून पेणला येई, ओटीवर मुलींना खेळवी आणि चहा पिऊन परत जाई. जयवंती आत चुलीकडे तोंड करून रडे. शेजारणी विचारू लागल्या, टाकली की काय हिला? चंद्रावतीचा जीव तुटत होता. पण विहिणीशी भांडायचं तर कोणत्या तोंडाने? तांबी चढते हे तिलाही खरंच वाटत होतं.

असंच एकदा उन्हाळ्यात, एका मूर्तीच्या पोटात हात असताना, तिच्या डोक्यात किडा वळवळला. चढते तर कुठल्या वाटेने चढते? गणपतीच्या पोटातून सोंडेत जायला वाट असते, ती तिच्या बोटांनी पाहिलेली होती. बाईच्या पोटात वाट कुठे असते? कारखान्यातल्या बायकांना विचारलं, तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग ती हात धुऊन सरळ आरोग्य केंद्रात एस्थरबाईंकडे गेली.

एस्थरबाई रोहेकर तिथल्या जुन्या नर्स. त्यांचे ज्यू भाऊबंद सगळे इस्रायलला गेले, या मात्र पेणलाच राहिल्या. त्यांच्या खोलीत भिंतीवर गर्भाच्या पिशवीचं रंगीत चित्र होतं, चांगलं ताटाएवढं, दोन्ही बाजूंना शिंगं फुटल्यासारखं. बायका आपसात त्याला बाईंचं बोकड म्हणत. चंद्रावतीने ते निर्मळ मनाने सांगून टाकलं, तेव्हा एस्थरबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. इतकी वर्षं मी बोकडच दाखवत होते तर, असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या.

खरी पिशवी केवढी असते, असं चंद्रावतीने विचारलं. एस्थरबाईंनी मूठ वळून दाखवली. लहान पेरूएवढी. चंद्रावती त्या मुठीकडे बघतच राहिली. भिंतीवर ताटाएवढी, म्हणून सगळ्याजणी धरून चालल्या होत्या की ती बेंबीपासून छातीपर्यंत पसरलेली असणार आणि तांबीला वर जायला हमरस्ता असणार.

"मग वरचं तोंड कुठं हाय?" तिने विचारलं.

"वर तोंडच नाही गो. वरून बंद. बाजूला दोन नळ्या, त्याही सुई शिरेल न शिरेल इतक्या बारीक."

क्वचित एखादीची तांबी सरकते, टोचते, हेही त्यांनी लपवलं नाही. म्हणून तर तिचा बाहेर राहणारा धागा तपासायला बोलावतात. पण काळजापर्यंत जायला वाट नाही.

चंद्रावती घरी गेली ती शाडूचा गोळा घेऊनच. पहिली पिशवी तिने केली ती हुबेहूब गणपतीसारखी, पातळ भिंतीची आणि आत ऐसपैस पोकळ. एस्थरबाईंनी मान हलवली. भिंत बोटभर जाड हवी आणि आतली जागा चपटी, रिकाम्या पाकिटासारखी. दुसरी मोडली, तिसरीची शिंगं जाड झाली, चौथी पसंत पडली. इतकी वर्षं स्वतःच्या पोटात असलेली वस्तू नर्सबाईंना विचारून करावी लागली, आणि गणपतीचं पोट तेवढं आपल्याला तोंडपाठ, याचं चंद्रावतीला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

ती पिशवी तिने कारखान्यात फळीवर वाळत ठेवली. त्याच फळीवर लहान गणपतींची रांग होती. दिनानाथ फवारा घेऊन आला आणि रांगेत असेल त्या सगळ्यावर अंगाचा गुलाबी रंग मारत गेला. हे काय, अर्धवट उंदीर का, असं त्याने मागाहून विचारलं. चंद्रावतीने खाली मान घालून काय ते सांगितलं. दिनानाथचे कान लाल झाले. चार मुलींचा बाप, पण पिशवी या शब्दापाशी त्याची जीभ अडखळली. त्याने फळीवर वाकून ती वस्तू निरखली.

"एका हाताने रंग पातळ बसलाय," तो शेवटी म्हणाला. "थांब, दुसरा हात देतो."

पुढच्या रविवारी चंद्रावती जयवंतीला घेऊन निडीला गेली. डब्यात काथ्या भरून पिशवी आत ठेवलेली, सोबत एस्थरबाईंनी दिलेली नमुन्याची एक तांबी. काशीबाई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. थोरल्या मुलाकडची तिची तेरा वर्षांची नात ऋतुजा दाराशी घुटमळली, तर तिला तिने मोठ्यांच्या बोलण्यात कशाला म्हणून हाकललं. महिपती डोकावला, त्याला म्हशीकडे पाठवलं. चंद्रावतीने वाद घातलाच नाही, नुसता डबा उघडला. तो रंग पाहून काशीबाईने हात पदराला पुसले आणि वस्तू दोन्ही हातांनी घेतली.

"कुठल्या देवाचं हाय?"

"देवाचं नाय, विहीणबाई. बाईचं हाय. आपली पिशवी."

वस्तू काशीबाईच्या हातून सुटायचीच राहिली. पण चंद्रावतीची खोड सांसर्गिक असावी. थोड्या वेळाने काशीबाईने ती उलटी केली, कानाशी धरून हलवली, मग भोकात हळूच करंगळी घातली. बोट वर जाऊन थांबलं. तिने पुन्हा घातलं, पुन्हा तिथेच थांबलं. ही शिंगं कसली म्हणून तिने केरसुणीची काडी काढून त्यातून घालून पाहिली, ती मोडली. चंद्रावतीने खालून तांबी आत सरकवली, धागा बाहेर लोंबत ठेवला, आणि क्वचित होणाऱ्या त्रासासकट एस्थरबाईंचं सगळं बोलणं सांगितलं. काशीबाईने पिशवी जोरजोरात हलवली. तांबी आतच राहिली.

"वर वाट नाय," काशीबाई म्हणाली.

"नाय."

तिने पिशवी तळहातावर धरून पाहिली.

"एवढीशी गो?" तिने विचारलं. "ह्यात माझी नऊ पोरं राहिली?"

नवातली चार जगली होती. काशीबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही. जयवंती तिच्याजवळ सरकली. आपण रोह्याला सुनेबरोबर जाणार आणि तांबी बसवताना बाहेर बाकावर बसणार, असं काशीबाईने तिथल्या तिथे जाहीर केलं, आणि तशी ती खरोखरच बसली.

दिवाळी झाल्यावर एस्थरबाईंना निडीलाच राहिलेली ती पिशवी गागोद्याच्या बायकांना दाखवायला हवी होती, म्हणून चंद्रावती ती मागायला निडीला गेली. जयवंती आपल्या चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, गाल भरले होते, धागा दोनदा तपासून झाला होता. मात्र काशीबाईने पिशवी द्यायला साफ नकार दिला. हात लागून लागून रंग मळला होता, भोक रुंद झालं होतं. निम्म्या गावाने तिच्यात बोट घालून पाहिलेलं दिसत होतं.

"तुला दुसरी करता येते. मला इथं लागते," काशीबाई म्हणाली, आणि तिने मागच्या पडवीकडे हाक मारली.

पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर ऋतुजा वेगळी बसली होती. तिला पहिल्यांदाच बाहेर बसायला लागलं होतं, आणि भेदरून ती कोणाशी बोलत नव्हती. त्या घरात चार दिवस बाईला कोणी शिवत नसे. काशीबाई उठून गेली, नातीचा हात धरला आणि पिशवी त्या हातात ठेवली.

"घाल बोट. भिऊ नको. तुझ्या पोटात पन हाय, एवढीच. मला कोणी दाखवली नव्हती."

ऋतुजाने आजीच्या हाताकडे पाहिलं, मग भोकात बोट घातलं. बराच वेळ ती आत चाचपत राहिली.

"आजी," ती म्हणाली, "ह्याच्या आत काय काय असतं?"

काशीबाईला ते ठाऊक नव्हतं. तिने विहिणीकडे पाहिलं. चंद्रावतीची परतीची गाडी निडी स्टेशनात यायची वेळ झाली होती, पण ती पदर खोचून ऋतुजाच्या गोणपाटावर बसली आणि सांगू लागली.