पियानोची साफसफाई

माझ्या मुलीच्या पहिल्या मैफलीआधी मी तिचा पियानो दुरुस्त केला. पियानो बिघडलेला नव्हता.

त्याचं असं झालं. आमची ऋता प्रयोगशील संगीत करते, आणि इथल्याच, भोपाळच्या एका संग्रहालयात तिचा एकटीचा कार्यक्रम ठरला. आपल्या शहरात, पहिल्यांदाच! आमची वस्ती, अख्खं साकेत नगर येणार होतं (त्यातले निम्मे, ‘ही नक्की करते तरी काय’ हे बघायला). ती सकाळपासून तिथे पियानो ‘तयार’ करत होती. मला वाटलं, पुसत असेल. दुपारी मी डबा घेऊन गेलो. पोहे खाऊन ती साडी नेसायला घरी निघाली आणि म्हणाली, “बाबा, इथेच बसा. पियानोला कुणाला हात लावू देऊ नका.”

मी कुणालाही लावू दिला नाही. स्वतः फक्त आत डोकावलो, आणि हादरलोच! तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, खोडरबराचे तुकडे, चक्क एक प्लास्टिकचा चमचा! उभा जन्म कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात काढलेला माणूस मी. माझ्या मुलीच्या पियानोत हा कचरा? बाह्या सरसावल्या. एकेक वस्तू हलक्या हाताने काढली आणि पोह्यांच्या रिकाम्या डब्यात भरली. वर तारांवरून रुमालही फिरवला. खुशीत शिट्टी वाजवत होतो हो!

ऋता परत आली. तिच्यामागे आमची सौ. सुनंदा आणि सुनंदामागे प्रेक्षक.

“बघ, कसा लखलखतोय!” मी म्हणालो.

ऋताने आत पाहिलं. “बाबा, स्क्रू कुठे आहेत?”

“काढले की! कोण गाढव टाकून गेला होता?”

“मी!” ती किंचाळली. “त्यांच्यामुळेच तर आवाज बदलतो! हे भगवान, पूरी मेहनत गेली!”

“अहो, तुम्हाला शांत बसायला सांगितलं होतं ना?” सुनंदा कडाडली.

“शांतपणेच काढले!”

ऋताचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्च्या तर भरत चाललेल्या! तिने नाक पुसलं, पदर खोचला. “डबा घ्या आणि माझ्याशेजारी उभे राहा.”

आणि सगळ्यांसमोर जोडणी सुरू झाली. “जाड बोल्ट!” दिला. “रबर!” दिलं. प्रत्येक वस्तू बसवली की ती पट्टी दाबून बघायची. एकदा देवळातली घंटा, एकदा पालथी परात! मला राहवेना. “अगं, हा तर आमच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनचा आवाज!” मी ओरडलो, आणि त्या भरात डबा हातातून सुटला. उरलेले सगळे स्क्रू तारांवर... झण्ण!

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट! लोकांना वाटलं, मैफल सुरू झाली. ऋताने भराभर सगळं जागेवर बसवलं आणि मग जे वाजवलंय! माझ्या अंगावर काटा आला.

शेवटी खादीचा कुर्ता घातलेले एक जाणकार पुढे आले. “बेटा, इतने अजीब सुरों के बीच वो एक सुर बिल्कुल सादा छोड़ दिया आपने! क्या सोच है!”

“सादा?” ऋता गोंधळून माझ्याकडे बघू लागली. “मी तर एकही सोडला नव्हता.”

मी घाम पुसायला तोच तारांवरून फिरवलेला रुमाल काढला. त्यातून एक बोल्ट टुणकन जमिनीवर पडला.

उघडलेलं यंत्र बंद केलं की एक बोल्ट उरणार, ही माझी नोकरीतली जुनी खासियत. त्यापायी मेमो ढिगाने मिळाले. वाहवा मात्र पहिल्यांदाच!