सात म्हणजे सातच

रेश्मा पहिल्यांदा आदगोंडाच्या नजरेत भरली ती एका खाडाखोडीमुळं. जुलैत सांगलीच्या शोरूममध्ये तो नव्या गाडीचं बुकिंग करायला बसला होता. फॉर्मवर मुदत आधीच छापलेली होती, ‘अंदाजे तीन महिने’. समोरच्या पोरीनं पेन उचललं, ‘तीन’वर आडवी रेघ मारली, वर ‘सात’ लिहिलं आणि शेजारी बारीक सही केली. अक्षर फळ्यावर शोभेल असं होतं.

“काका, या रंगाला सात महिने लागतील. मधे फोन करून जीव जाळून घेऊ नका.”

आदगोंडा गालात हसला. गुळाच्या अडतीत वीस वर्षं काढलेला माणूस तो. सौद्यात पहिला आकडा कुणी खरा बोलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. पोरगी हुशार हाय, तो मनाशी म्हणाला. सात सांगून चारात देणार, वर पेढे मागणार. या भरवशावर त्यानं सही ठोकली.

खरं तर जुनी गाडी बरी चालत होती. पण त्याचा थोरला साडू आप्पासो शिरवळच्या कारखान्यात सुपरवायझर होता, आणि त्यानं साताऱ्यात हीच गाडी, याच रंगाची, आठच दिवस आधी बुक केली होती. लग्नात सासऱ्यांनी आप्पासोच्या पाटाला चांदीची फुलं लावली होती आणि आदगोंडाला साधा पाट दिला होता. बावीस वर्षांत आदगोंडा ते विसरला नव्हता. आता फेब्रुवारीत सासुरवाडीच्या जैन देवळात पंचकल्याणक पूजा होती. सगळं गणगोत जमणार होतं. त्या मांडवासमोर आप्पासोनं नव्या गाडीतनं उतरावं आणि आपण जुनीतनं, हे त्याला सोसणारं नव्हतं.

चौथ्या महिन्यात त्यानं फोन लावला.

“आली का गं गाडी?”

“नाही काका.”

“आतली गोष्ट सांग की.”

“आतली आणि बाहेरची एकच आहे. सात.”

पाचव्या महिन्यात आप्पासोची गाडी आली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळ्याचा व्हिडिओ त्यानं धाडला. आदगोंडाच्या बायकोनं, शालननं, तो तीनदा बघितला.

“ताईची गाडी लय देखणी दिसतीया, आवं.”

“जाऊन दृष्ट काढ जा तिची,” आदगोंडा खेकसला आणि ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी तो शोरूममध्ये हजर झाला. दारातच त्याच रंगाची गाडी उभी होती. काचेवर चिठ्ठी चिकटवलेली, ‘नाथाजी’.

“ही मला द्या की.”

“ती नाथाजीदादांची आहे. फौजेतनं सुट्टी काढून येताहेत. नंबर त्यांचा आधी.”

“सातारकर पटदिशी देत्यात, आन् तुमाला काय हुतंय?”

“ते त्यांना विचारा. मला माझंच सांगता येतं.”

आदगोंडा मॅनेजरकडं गेला. मॅनेजर “बघू, जमवू” म्हणाला. तोवर रेश्मानं नाथाजीला फोन लावून ‘गाडी आली’ म्हणून कळवूनही टाकलं होतं. मॅनेजरचं तोंड उतरलं. आदगोंडा दोघांवरही चिडून घरी आला.

फेब्रुवारीत, पूजेच्या दोन दिवस आधी, तिचाच फोन आला. “काका, या.”

तो नवी टोपी घालून गेला. किल्ली देण्याआधी तिनं त्याला डाव्या दाराजवळ नेलं.

“ट्रेलरवरून उतरवताना इथं घासली होती. रंग मारून घेतलाय. चालत नसेल तर दुसरी मागवते. पण दोन महिने जातील.”

आदगोंडा वाकला. अंगठा फिरवला. काही म्हणता काही दिसेना. मागं मॅनेजर कपाळाला हात लावून उभा होता.

“कशाला सांगितलंस गं?” आदगोंडा कळवळून म्हणाला. दोन महिने थांबायचं म्हणजे मांडवात जुनी गाडी न्यायची. त्यानं तीच घेतली.

मांडवासमोर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. आप्पासोनं एक चक्कर मारली.

“माझी डिसेंबरातच आली बरं का. तुला त्या पोरीनं लय रडवलं, गड्या.”

आदगोंडानं डाव्या दारावर हात ठेवला. “माझ्या दाराला रंग मारलाय, पाव्हणं. घासली हुती, तसं सांगून दिली. तुमाला काय सांगितलं?”

“माझ्या गाडीला काय झालंय?”

“झालंय काय ते न्हाई इचारत. सांगितलं काय?”

“काय न्हाई सांगितलं.”

“मग झालं तर.”

आप्पासोचं हसू तिथंच विरलं. पंगत बसेपर्यंत तो स्वतःच्या गाडीभोवती फिरत राहिला. नारळ पारखावा तसा एकेक दार बोटानं वाजवून, कान लावून बघत होता. सापडलं काहीच नाही, म्हणून शंकाही जाईना. मधेच तो आदगोंडाच्या डाव्या दाराकडं बघायचा. ती नजर आदगोंडानं ओळखली. बावीस वर्षं ती त्याचीच होती. त्या दिवशी पंगतीत त्यानं गव्हाची गोड हुग्गी दोनदा मागून घेतली.

निघताना आप्पासो जवळ आला. “आमच्या सम्मेदला गाडी घ्यायची हाय. त्या पोरीचा नंबर दे की.”

“माझ्याकडं न्हाई,” आदगोंडा म्हणाला.

शालननं डोळे मोठे केले. “आवं, हाय की तुमच्या...”

“न्हाई म्हणलं न्हवं!”

एवढी एकच गोष्ट साडूकडं नव्हती आणि त्याच्याकडं होती. ती तो फुकट वाटणार नव्हता.

जूनमध्ये आप्पासो लेकाला घेऊन स्वतःच सांगलीला आला आणि त्यानं शोरूममध्ये रेश्माची चौकशी केली. विक्रीच्या टेबलावर दुसरीच मुलगी बसली होती. तिनं सम्मेदला तीन महिने सांगितले.

मॅनेजरनं विक्रीवरून हलवल्यापासून रेश्मा त्याच शोरूमच्या मागच्या खोलीत विम्याचे कागद बघते. कुपवाडहून सकाळच्या बसनं येते, साडेनऊला टेबलावर असते.