यादीतला टेंप

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी रोज सकाळी पेणहून पॅसेंजरने रोह्याला जायचे, तिथल्या एका केमिकल कंपनीत. हुद्दा होता प्रोग्रॅमर. कंप्युटर रूमला एसी, म्हणून पादत्राणं बाहेर काढावी लागत. आमच्या तीन यंत्रांइतकं सोवळं देवळातसुद्धा कुणी पाळत नसेल. त्या वर्षी माझे वडील गेले होते. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा होतो, तशी मी सगळीच झाले होते. काम मात्र चोख चालायचं.

आमच्या कंप्युटरवर एक साठवण होती. प्लांटच्या प्रोग्रॅमची, सेटिंगची प्रत्येक फाईल तिच्यात जायची आणि कोणी, कधी, काय बदललं ते कायमचं राहायचं. तिच्यात केर जाऊ नये म्हणून वगळायच्या फायलींची एक यादी असे. ती हाताने वाढवायची. साहेब कंटाळा करायचे, मीही करायचे, आणि साठवणीचा उकिरडा व्हायचा. शेवटी वैतागून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो रोज सकाळी केर हुडकायचा आणि त्या नावाच्या सगळ्या फायली आपणहून यादीत घालायचा. ‘बॅक’ने सुरू होणारं वगळ, ‘टेंप’ने सुरू होणारं वगळ. टेंप म्हणजे टेंपररी, तात्पुरतं. कंप्युटर शिकलेल्या कुणालाही विचारा. साहेब खूश झाले. मलाही बरं वाटायला हवं होतं.

प्लांटवर मात्र टेंप म्हणजे टेंपरेचर. ‘टेंप किती हाय?’ ‘टेंप चढला.’ दिवसभर कानावर तेच पडायचं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. जुन्या फायली आधीच साठवणीत होत्या, त्यांना यादीचा धक्का लागत नसे, त्यामुळे कुणाला काही कळलंही नाही. मग नवा रिअॅक्टर बसला. त्याच्या तापमानाच्या फायलीला कुणीतरी साहजिकच ‘टेंप’ आणि पुढे आकडा असं नाव दिलं. दर शिफ्टला तीत नवा आकडा पडायचा, जुना पुसला जायचा. जुना आकडा साठवणीत राहतो, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तो रिअॅक्टर चालवणारा ऑपरेटर पेणजवळच्या खाडीकाठच्या गावचा. घरच्यांची हयात मिठागरात गेली, कंपनीत लागलेला हा पहिलाच. डे शिफ्ट असली की माझ्याच पॅसेंजरला असायचा. वडील गेल्यावर ऑफिसातल्या लोकांनी एकदा भेटून घेतलं आणि विषय संपला. हा मात्र दिसला की विचारायचा, “मॅडम, जेवलाव ना?” मी हो म्हणायचे, जेवले असो नसो.

एके दिवशी त्याच्या शिफ्टचा अख्खा माल काळा पडला. त्याने टेंप जास्त लावला, असा ठपका आला. त्याला साहेबांपुढे उभं केलं तेव्हा मी तिथेच होते.

“मना सांगितला तेवढाच लावला मी,” तो म्हणाला. “मागनं कुनी बदलला आसंल तर ठावं नाय. कंप्युटरात हाय ना समदं?”

साहेब माझ्याकडे वळले. “बघा हो मॅडम. त्याच्या बाजूची नोंद निघाली तर सुटला, नाहीतर घरी.”

मी बघितलं. त्या दिवसाची नोंद नव्हती. आदल्या दिवसाची नव्हती. साठवणीत ती फाईलच नव्हती. यादी उघडली, तिसऱ्याच ओळीत टेंप. कळायला मिनिटसुद्धा लागलं नाही. नोंद असती तर काय निघालं असतं, ते मला आजही माहीत नाही. चूक त्याचीच असेलही. पण ते सांगू शकणारी एकच जागा होती, आणि ती मी रोज सकाळी झाडून घेत होते.

“नोंद सापडत नाही,” मी साहेबांना सांगितलं. खोटं बोलले नाही. का सापडत नाही, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी घाबरले होते असं म्हणता आलं असतं तर निदान माणसासारखं झालं असतं. मला काही वाटलंच नाही. जागेवर येऊन मी ती ओळ यादीतून आणि माझ्या प्रोग्रॅममधूनही काढून टाकली. साठवण प्रत्येक बदलाचं कारण विचारते. मी लिहिलं, किरकोळ दुरुस्ती.

दोन दिवसांनी त्याला काढलं. गेटवर पास परत करायच्या आधी तो कंप्युटर रूमकडे आला. नुसतं दारात उभं राहायचं होतं, तरी बूट बाहेर काढून आला.

“मॅडम, नायच ना गावलं?”

“नाही.”

त्याने यंत्रांकडे बघितलं. मग म्हणाला, “तुमी शोधलाव म्हंजे नसंलच. मंग माझाच हात चुकला आसंल.”

“असेल,” मी म्हणाले.